जागा कुणाची? चिकित्सक भूगोलाची ओळख

मुंबईत दोन परिचित बऱ्याच दिवसांनी भेटले की ख्यालीखुशालीनंतरचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘जागेचे काय झाले?’ इथे ‘जागा’ म्हणजे घर. लग्न ठरताना, भावाभावांच्या वाटण्या होताना, नोकरी बदलताना हा शब्द आडवा येतोच. विवाहासाठी पाहिले जाते त्यालाही आपण ‘स्थळ’ म्हणतो. ‘अवकाश’ या शब्दाचा एक अर्थ पोकळी. पण ‘अजून अवकाश आहे’ असे म्हणताना तोच शब्द वेळेचा वाचक होतो. जागा ही केवळ रिकामी पोकळी नसते, तिच्यात नाती, पैसा, सत्ता आणि काळ मुरलेले असतात, हे आपली रोजची भाषा अशा रीतीने जाणूनच असते. विद्यापीठीय ज्ञानाला मात्र हे सत्य मान्य करायला बराच वेळ लागला. ज्या विद्याशाखेने ते ठामपणे मांडले तिला ‘चिकित्सक भूगोल’ असे म्हणतात. तिची घडण समजून घ्यायची तर युरोपातील तत्त्वज्ञानाशी तिचे असलेले नाते तपासावे लागते.

हे तत्त्वज्ञान ‘खंडीय तत्त्वज्ञान’ या नावाने ओळखले जाते. नाव अर्थातच इंग्रजी भाषिकांनी दिलेले आहे. भाषा आणि तर्क यांच्या काटेकोर विश्लेषणावर भर देणाऱ्या इंग्लंड-अमेरिकेतील परंपरेहून वेगळी अशी, जर्मनी व फ्रान्स येथे वाढलेली हेगेल, नीत्शे, हुसर्ल, हायडेगर, फूको यांची परंपरा असा त्याचा ढोबळ अर्थ. माणसाचे असणे, इतिहास आणि सत्ता हे या परंपरेचे मध्यवर्ती विषय होत.

कांटचा वर्ग आणि साम्राज्याचे नकाशे

तत्त्वज्ञान व भूगोल यांची गाठ मात्र याहून जुनी आहे. इमॅन्युएल कांट हे नाव आज ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या १७८१ सालच्या ग्रंथामुळे स्मरले जाते. पण क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात १७५६ ते १७९६ अशी चाळीस वर्षे हे तत्त्वज्ञ भूगोलही शिकवत होते, ही गोष्ट फारशी ठाऊक नसते. आपल्या गावापासून ते कधी फार दूर गेले नाहीत. प्रवासवर्णने वाचून ते जगाचे वर्णन करीत. सर्व मानवांना लागू पडणाऱ्या नीतीचा विचार मांडणारे कांट या व्याख्यानांत मात्र निरनिराळ्या वंशांची उच्च-नीच अशी प्रतवारी करताना दिसतात. ही विसंगती अलीकडच्या अभ्यासकांना अस्वस्थ करणारी ठरली असून, ‘रीडिंग कांट्स जिऑग्रफी’ हा स्टुअर्ट एल्डन व एदुआर्दो मेंदिएता यांनी संपादित केलेला २०११ सालचा संग्रह तिचीच चर्चा करतो.

पुढील शतकात भूगोल हे साम्राज्याचे शास्त्र झाले. लंडनची रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी १८३० साली स्थापन झाली. पाठोपाठ त्याच दशकात मुंबईतही भूगोल संस्था उभी राहिली. १८७३ मध्ये ती रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत विलीन झाली. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून आरंभ केलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण हे शास्त्रीय पराक्रमाचे उदाहरण होते. परंतु ज्या प्रदेशाचे मोजमाप होते त्यावर सत्ता चालवणे सोपे जाते, हेही त्यामागचे गणित होते. जर्मन भूगोलज्ञ फ्रीड्रिश रात्सेल यांनी प्रचारात आणलेली ‘लेबेन्सराउम’ म्हणजे राष्ट्राला लागणाऱ्या जीवनावकाशाची कल्पना पुढे नाझींनी उचलली आणि तिच्या नावाने पूर्व युरोपात संहार घडवला. भूगोल निरुपद्रवी नाही, ही जाणीव या इतिहासातून आली.

राहणे म्हणजे काय?

जागेविषयीच्या विचाराला तत्त्वज्ञानाच्या अंगाने नवे वळण दिले ते मार्टिन हायडेगर यांनी. १९२७ सालच्या ‘असणे आणि काळ’ या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले, की माणूस जगात ‘असतो’ तो पेटीत वस्तू असते तसा नव्हे. जग हे आधी त्याच्या वापराचे, सवयीचे, काळजीचे असते. फूटपट्टीने मोजलेले अंतर नंतर येते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची शहरे बेचिराख झाली. घरांची तीव्र टंचाई असताना, १९५१ साली डार्मश्टाट येथे वास्तुविशारदांसमोर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी विचारले, की घरे बांधली म्हणजे माणसे ‘राहू’ लागतात काय? बांधण्याच्या आधी राहणे म्हणजे काय हे कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. फ्रान्समध्ये गास्ताँ बाशलार यांनी १९५७ साली माळा, तळघर, कोपरा, खण यांच्या अनुभवातून घराचे काव्यशास्त्र लिहिले.

या विचारातील धोकाही लपून राहिलेला नाही. हायडेगर १९३३ साली नाझी पक्षाचे सदस्य झाले होते आणि त्यांच्या खासगी टिपणवह्यांतील ज्यूविरोधी मजकूर २०१४ पासून प्रसिद्ध होऊ लागल्यावर वादाला पुन्हा तोंड फुटले. मातीशी, मुळांशी असलेल्या नात्याचे गुणगान परक्याला हुसकावण्यापर्यंत जाऊ शकते. त्यामुळे त्यांची अंतर्दृष्टी घ्यायची, पण ‘राहण्याचा हक्क कुणाला?’ हा राजकीय प्रश्न सोडायचा नाही, अशी कसरत पुढील विचारवंतांना करावी लागली.

लफेव्र : जागा घडवली जाते

ही कसरत सर्वाधिक समर्थपणे केली ती आंरी लफेव्र (१९०१-१९९१) यांनी. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला जन्मलेले लफेव्र १९२८ साली कम्युनिस्ट पक्षात गेले आणि तीस वर्षांनी, १९५८ मध्ये, पक्षाबाहेर पडले. मधल्या काळात त्यांनी पॅरिसमध्ये टॅक्सी चालवली, तूलूझच्या नभोवाणीवर काम केले आणि पिरेनीज पर्वतातील शेतकरी समाजाचा अभ्यास केला. ते शहराकडे वळले त्याला एक प्रत्यक्ष कारण घडले. त्यांच्या नाव्हारँक्स या जुन्या गावाजवळ लाक येथे नैसर्गिक वायूचा साठा सापडला आणि कामगारांसाठी १९५० च्या दशकात मूरँक्स नावाचे नवे नगर आखून उभारण्यात आले. जुन्या गावाचे रस्ते, बाजार आणि चौक शतकानुशतके एकमेकांत मिसळत घडले होते. नव्या नगरात झोपण्याची, खरेदीची, कामाची जागा वेगवेगळी. सोयी होत्या, पण शहरपण नव्हते.

१९६५ पासून लफेव्र पॅरिसच्या सीमेवरील नाँतेर येथे अध्यापन करू लागले. या नव्या विद्यापीठाच्या काँक्रीटच्या इमारतींना लागूनच अल्जीरियन स्थलांतरितांच्या झोपड्या होत्या. याच परिसरात मार्च १९६८ मध्ये विद्यार्थी चळवळीची ठिणगी पडली आणि मे महिन्यात तिने सारा फ्रान्स ढवळून काढला. त्याच वर्षी लफेव्र यांचे ‘शहराचा हक्क’ हे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. शहर ही तेथे राहणाऱ्या सर्वांनी मिळून घडवलेली कलाकृतीसारखी निर्मिती आहे. तिला विक्रीच्या मालाचे रूप येते तेव्हा निर्माते बाहेर फेकले जातात, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हा हक्क म्हणजे घर किंवा नळजोडणी यांपुरता नव्हे. शहर कसे असावे हे ठरवण्यात भाग घेण्याचा आणि त्याच्या मध्यवर्ती भागातून हद्दपार न होण्याचा तो हक्क आहे.

१९७४ साली ‘अवकाशाची निर्मिती’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ आला. त्यातील तीन संकल्पना आज जगभरच्या भूगोल विभागांत शिकवल्या जातात. पहिली, व्यवहारातील जागा : घर ते स्टेशन, स्टेशन ते कचेरी अशा रोजच्या हालचालींतून घडणारी. दुसरी, आराखड्यातील जागा : नगररचनाकार, अभियंते आणि अधिकारी कागदावर रेखाटतात ती. तिसरी, जगलेली जागा : आठवणी, सण, श्रद्धा, भीती यांनी भारलेली. तिन्ही एकाच वेळी अस्तित्वात असतात. आधुनिक काळात दुसरी जागा उरलेल्या दोघींवर कुरघोडी करते, हे लफेव्र यांचे निदान होय.

फूको, लाकोस्त आणि सत्तेचा नकाशा

लफेव्र यांच्या समकालीन मिशेल फूको यांनी वेगळ्या दिशेने हाच मुलूख धुंडाळला. मार्च १९६७ मध्ये पॅरिस येथे वास्तुविशारदांसमोर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी ‘हेटरोटोपिया’ ही कल्पना विस्ताराने मांडली. समाजाच्या आतच असलेली, तरीही त्याचे नेहमीचे नियम उलटे करणारी जागा असा त्याचा अर्थ. दफनभूमी, नाट्यगृह, ग्रंथालय, जहाज ही त्यांची उदाहरणे. हे व्याख्यान छापून येण्यास १९८४ साल उजाडले. १९७५ सालच्या ‘शिस्त आणि शिक्षा’ या विषयावरील ग्रंथात त्यांनी तुरुंग, बराक, शाळा व इस्पितळ यांच्या रचनेतूनच माणसे कशी वळणावर आणली जातात, हे दाखवले.

१९७६ साली ईव्ह लाकोस्त यांनी ‘एरोदोत’ हे भूगोलाचे नियतकालिक सुरू केले आणि पहिल्याच अंकासाठी फूको यांची मुलाखत घेण्यात आली. प्रदेश, क्षेत्र, सीमा असे शब्द तुम्ही सतत वापरता, मग भूगोलाचे नाव का घेत नाही, असा प्रश्नकर्त्यांचा रोख होता. आरंभी बचाव करणाऱ्या फूको यांनी अखेर भूगोल आपल्या आस्थेच्या केंद्रस्थानी असल्याचे मान्य केले. लाकोस्त यांनाही हा प्रश्न पुस्तकी नव्हता. १९७२ साली व्हिएतनाममधील रेड रिव्हरच्या खोऱ्यातील बंधाऱ्यांवर झालेल्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यांचे ठिकाणवार विश्लेषण करून, पूर आल्यास सर्वाधिक हानी होईल अशा जागी बॉम्ब पडत असल्याचे त्यांनी दाखवले होते. भूगोलाचा पहिला उपयोग युद्धासाठी होतो, अशा आशयाचे शीर्षक त्यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकाला दिले ते उगाच नव्हे.

डेट्रॉइट, बाल्टिमोर आणि किलबर्न

इंग्रजी भाषिक जगात हे मंथन १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. तोवर तेथील भूगोल सांख्यिकी सूत्रांत रमला होता. विल्यम बंगी हे त्यातलेच एक अग्रणी. पण डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय वस्तीत राहायला गेल्यावर त्यांची दिशा पालटली. ग्वेंडोलिन वॉरन या तरुण कार्यकर्तीच्या सहकार्याने त्यांनी तेथे ‘भौगोलिक मोहीम’ चालवली. उपनगरांतून शहरात येणाऱ्यांच्या मोटारींखाली वस्तीतील मुले कोणत्या रस्त्यांवर चिरडली गेली, याचा या मोहिमेने तयार केलेला नकाशा आजही अभ्यासला जातो. जो शास्त्रीय नकाशा सत्तेची सेवा करतो, तोच तिच्यावर आरोपपत्रही ठेवू शकतो, याचा तो पुरावा होय.

१९६९ साली अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात ‘अँटिपोड’ हे नियतकालिक सुरू झाले. त्याच वर्षी डेव्हिड हार्वे इंग्लंडहून बाल्टिमोरला आले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर १९६८ मध्ये उसळलेल्या दंगलींच्या खुणा त्या शहरावर ताज्या होत्या. घरांच्या बाजाराचा अभ्यास करता करता हार्वे मार्क्सकडे वळले. ‘सामाजिक न्याय आणि शहर’ या १९७३ च्या ग्रंथाचा पूर्वार्ध उदारमतवादी व उत्तरार्ध समाजवादी भूमिकेतून लिहिलेला आहे. एका अभ्यासकाचे मतपरिवर्तन एकाच पुस्तकाच्या दोन भागांत वाचायला मिळते. अतिरिक्त भांडवलाला गुंतवणुकीचे नवे क्षेत्र हवे असते, ते शहरे पाडून पुन्हा बांधण्यात मिळते आणि त्याची किंमत जुने रहिवासी मोजतात, हे त्यांच्या पुढील लेखनाचे सूत्र. ओस्मान यांनी १८५३ पासून पॅरिसचे जे रूपांतर घडवले, ते याचे त्यांचे आवडते उदाहरण आहे.

डोरीन मॅसी (१९४४-२०१६) यांनी या चर्चेत एक महत्त्वाची दुरुस्ती केली. भांडवल जग आक्रसून टाकते हे खरे. पण प्रवासाची आणि संपर्काची ही सत्ता सर्वांच्या हाती सारखी नसते. स्त्रिया, निर्वासित, गरीब यांना तिचा अनुभव वेगळा येतो. १९९१ साली लिहिलेल्या निबंधात मॅसी वाचकाला लंडनमधील आपल्या किलबर्न या भागात फिरवून आणतात. तेथे आयर्लंडची वृत्तपत्रे विकणारा ठेला आहे आणि रस्त्यापलीकडे साड्यांचे दुकान; त्याच्या दारावर रेखा, आमिर खान व सलमान खान यांच्या वेंब्ली येथील कार्यक्रमाची जाहिरात आहे. ठिकाणाची ओळख त्याच्या भिंतींनी नव्हे, तर तेथे एकत्र येणाऱ्या जगभरच्या धाग्यांनी बनते, हा त्यातील विचार. ‘आमचे गाव फक्त आमचे’ असे म्हणणाऱ्यांना दिलेले ते सौम्य पण ठाम उत्तर आहे.

मुंबईचा संबंध

या साऱ्याशी मुंबईचा संबंध केवळ दूरचा नाही. चिकित्सक भूगोलाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९९७ साली व्हँकुव्हर येथे भरली; पाचवी २००७ साली मुंबईत झाली. मुंबईतील भूगोलाच्या अभ्यासक स्वप्ना बॅनर्जी-गुहा यांनी २०१० साली संपादित केलेला ‘अ‍ॅक्युम्युलेशन बाय डिस्पझेशन’ हा संग्रह भारतीय शहरांतील विस्थापनाची चर्चा पुढे नेतो. हार्वे यांच्या २००८ सालच्या ‘शहराचा हक्क’ या निबंधात धारावी आहे. मुंबईत सुमारे ६० लाख माणसे मालकी हक्काविना वसलेली असून नकाशांत या वस्त्या कोऱ्या दाखवल्या जातात, तर त्याखालच्या जमिनीचे मोल मात्र काटेकोरपणे काढले जाते, हे त्यांनी नोंदवले आहे.

हा प्रश्न भारतीय न्यायालयासमोर त्याआधीच आला होता. मुंबईतील पदपथांवरील झोपड्या हटवण्याच्या १९८१ सालच्या कारवाईतून ‘ओल्गा टेलिस’ खटला उभा राहिला. १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. मात्र रीतसर सूचना देऊन झोपड्या हटवण्याची मुभाही प्रशासनाला दिली. कामाजवळ राहता आले नाही तर काम जाते, ही भूगोलाची साधी गोष्ट न्यायालयाने मान्य केली, पण जागेचा हक्क तेवढ्याने मिळाला नाही. ब्राझीलने २००१ च्या ‘शहर कायद्या’त याच्या एक पाऊल पुढे जाऊन जमिनीचे सामाजिक कार्य आणि नियोजनातील लोकसहभाग यांना वैधानिक रूप दिले.

आक्षेप आणि वाचनाची वाट

या विचारावर आक्षेपही आहेत. ‘शहराचा हक्क’ ही घोषणा इतकी लवचीक आहे, की चळवळींपासून संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यांपर्यंत कुणीही ती उच्चारावी. २०१६ च्या किटो परिषदेच्या ठरावातही ती आली. मग तिची धार कुठे राहिली? लफेव्र यांच्याच विद्यापीठात शिकवलेल्या मान्युएल कास्तेल्स यांनी १९७२ सालीच त्यांच्या विचारातील संदिग्धतेवर बोट ठेवले होते. पॅरिस व बाल्टिमोरवरून बेतलेली सूत्रे जातीने विभागलेल्या भारतीय वस्त्यांना जशीच्या तशी लागू पडतील काय, हा प्रश्न तर आपणच विचारायचा आहे. गावकुसाबाहेरची वस्ती ही जागेची अशी निर्मिती आहे, की जिचे स्पष्टीकरण केवळ भांडवलात सापडत नाही.

नव्याने वाचू इच्छिणाऱ्याने मॅसी यांचा किलबर्नवरील निबंध आणि हार्वे यांचा २००८ चा निबंध यांपासून आरंभ करावा. दोन्ही आटोपशीर आहेत. त्यानंतर लफेव्र यांचे १९६८ चे पुस्तक घ्यावे. मूळ फ्रेंच ‘अवकाशाची निर्मिती’ इंग्रजीत १९९१ साली आले. ते जड आहे, म्हणून सोबत एल्डन यांचे २००४ सालचे लफेव्रविषयक पुस्तक ठेवल्यास वाट सुकर होते. मार्क्सच्या ‘कॅपिटल’वरील हार्वे यांची व्याख्याने महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत आणि २००२ पासून निघणारे ‘अ‍ॅक्मी’ हे नियतकालिकही कुणालाही खुले आहे.

पुस्तकांइतकेच चांगले साधन आपल्या शहराचा विकास आराखडा हे आहे. मुंबईचा २०३४ पर्यंतचा आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये मसुद्याच्या रूपात प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील असंख्य चुका नागरिकांनीच दाखवून दिल्या. हरकती इतक्या आल्या, की काही आठवड्यांतच तो नव्याने करण्याचे आदेश राज्य शासनाला द्यावे लागले. सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. आराखड्यातील जागा आणि जगलेली जागा यांतील अंतर लफेव्र यांनी ग्रंथात सांगितले. येथे ते रहिवाशांनी हरकतींच्या अर्जांवर लिहून दिले. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना सूचना व हरकती नोंदवता येतात. ती मुदत उलटण्यापूर्वी आपल्या वस्तीचा तुकडा नकाशावर शोधणे, तेथे काय दाखवले आहे आणि काय कोरे सोडले आहे हे पाहणे, हा या विद्याशाखेचा कुणालाही करता येण्याजोगा पहिला धडा आहे.